एकशेवीसची टिंगटिंग

आमच्या जुन्या गाडीचा काटा एकशेवीसच्या वर गेला की ती टिंग टिंग वाजते. इकडच्या बऱ्याच गाड्या वाजतात. इतकी वर्षं दुबईत गाडी चालवतेय, रस्त्यावरच्या रडार कॅमेऱ्यांचे इतके दंड भरलेत, की टिंग झालं की माझा उजवा पाय आपोआप वर येतो. मला विचारतसुद्धा नाही मेला!

आणि मला करायची होती रेस. ट्रॅकवरची, नवशिक्यांची, आपापल्या घरच्या गाडीने. अट एकच, आधी तीन प्रयत्नांत, ठरलेल्या वेळेत एक फेरी मारून दाखवायची. उन्हाळ्याआधीचा हा शेवटचा शनिवार होता, आज हुकलं तर थेट हिवाळ्यात. तयारी म्हणाल तर नवे ब्रेक पॅड आणि मेकॅनिक रफिकभाईंचं उसनं हेल्मेट, खलास. रफिकभाई म्हणाले होते, "भाभी, वो घंटी बंद कर देता हूँ." मी म्हटलं, नको बाबा, सोमवारी हीच गाडी ऑफिसला न्यायचीय, घंटी नसली तर दंड भरता भरता दिवाळं निघेल.

तोच शहाणपणा नडला. पहिल्या फेरीत लांबलचक सरळ रस्ता आला, काटा चढला, टिंग! पाय वर. दुसऱ्या फेरीतही तेच. वेळ हुकली. आता एकच फेरी उरली होती. गाडी बाजूला घेतली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

माझा नवरा कुशल तिथेच उभा. त्याला हे खूळ पहिल्यापासून नापसंत. सकाळी अल मनखूलच्या घरून येताना शेजारी बसून सारखं "अगं हळू, अगं हळू" चाललं होतं. आता म्हणतो कसा, "जाऊ दे ना अस्मिता, घरी जाऊ या."

अस्सा संताप आला! तेवढ्यात आमच्या ओवीने खिडकीतून डोकं आत घातलं. "ममा, इट्स जस्ट अ बीप. शाउट ॲट इट. यू शाउट ॲट अस ऑल डे."

कार्टी खरंच बोलली.

शेवटची फेरी. सरळ रस्ता. टिंग!

"गप बस!" मी ओरडले.

टिंग!

"गप बस म्हणते ना! कधी तरी जाऊ दे की मला!"

पाय वर यायला बघत होता, पण दाबलेलाच राहिला.

आणि वेळेत आले! रेसच्या यादीत नाव लागलं. ओवी आणि मी गळ्यात गळे घालून नाचलो. रफिकभाईंना फोन करून कळवलं.

"काचा खाली होत्या तुझ्या," कुशल म्हणाला. "इथवर ऐकू आलं सगळं. मला म्हणत होतीस?"

"गाडीला रे." मग म्हटलं, खोटं कशाला बोला. "थोडं तुलाही."

परतीच्या वाटेवर मीच चालवत होते. हायवेला लागलो, आनंदाच्या भरात काटा चढला, आणि टिंग!

कुशलने डॅशबोर्डवर एक चापट मारली. "ए, गप बस," तो म्हणाला, "जाऊ दे तिला."

माझे डोळे भरून आले. पाय मात्र केव्हाच वर आला होता, पुढे रडार होतं.