टेन्शन अर्धा फेरा सैल करा

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात सुईवाल्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हल्ली मशीन घेऊन येणारंच कोणी उरलं नव्हतं. आख्खी गल्ली त्यांना सुईवाले म्हणायची. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर शिल्लक होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला लागून उघडी पडलेली मशीनं, स्क्रूंनी भरलेल्या बरण्या आणि खिडकीखाली कामाचं टेबल. पूर्वी त्या टेबलापाशी रांग लागायची. आता मशीन बिघडलं की लोक फोनवर काहीबाही बघायचे, ते आणखी बिघडवायचे आणि माळ्यावर टाकून द्यायचे.

“मग त्या फोनमध्ये तूच जाऊन बस ना, दादा,” त्यांची धाकटी बहीण म्हणाली. ती एका कंपनीत जाहिरातींचं काम बघायची आणि तिचं म्हणणं टाळण्याची घरात कोणाची टाप नव्हती. तिने दादाच्या फोनवर खातं उघडून दिलं, वहिनीच्या हातात फोन कसा धरायचा ते दाखवलं आणि ती निघून गेली.

सुईवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, घसा खाकरला आणि माणसाने पहिल्यांदा कातडं शिवलं तिथपासून सुरुवात केली. शिलाई मशीनपर्यंत पोचायला त्यांना चौदा मिनिटं लागली. तोवर बायकोचा हात भरून आला होता, त्यामुळे तिथून पुढे चित्रात फक्त त्यांचं पोट दिसत होतं. आठवडाभरात तो व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या अकरा वेळा त्यांनी स्वतःच, किती जणांनी पाहिला हे पाहायला.

रविवारी बहीण आली. तिने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला; सख्खी बहीण होती म्हणूनच. मग म्हणाली, “तू सभेत बोलल्यासारखा बोलतोयस. सभा आहे कुठे? एक बाई आहे, तिचा दोरा सारखा तुटतोय आणि तिला वेळ नाहीये. तिच्याशी बोल.” एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगायची, ती पहिल्याच वाक्यात सांगायची आणि चेहरा न दाखवता हात दाखवायचे, असंही तिने बजावलं. चेहऱ्याचं सुईवाल्यांना जरा लागलं. त्याहून जास्त लागलं ते बायकोने लगेच मान डोलावली त्याचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस सेकंदांत काम उरकलं. पडद्यावर फक्त त्यांची बोटं आणि मशीनच्या तोंडाशी असलेली दोरा आवळायची चकती. “टेन्शन जास्त झालं की दोरा तुटतो,” ते म्हणाले. “जोर लावू नका. टेन्शन अर्धा फेरा सैल करा. तरीही तुटला तर वर दोष देत बसू नका, खाली काय अडकलंय ते बघा.”

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ साठ हजार लोकांनी पाहिला. दोन दिवसांत चार लाखांनी. बायकोने चष्मा लावून शून्यं दोनदा मोजली.

खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. कोणी लिहिलं होतं, ‘काका, डोळ्यांत पाणी आलं.’ सुईवाल्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, ‘मशीन कोणतं आहे? पायाचं की मोटारीचं?’ एका गृहस्थाने लिहिलं, ‘आमचं तर बारा वर्षं झाली, रोज खटके उडतात.’ सुईवाल्यांनी उत्तर दिलं, ‘बारा वर्षांत एकदाही तेल घातलं नाहीत का?’ त्या एका ओळीला नऊ हजार लोकांनी बदाम दिले. गृहस्थ त्यांच्या लग्नाबद्दल बोलत होते, हे बहिणीने फोन करून समजावून सांगितलं तेव्हा सुईवाल्यांनी आपली सगळी उत्तरं पुन्हा वाचून काढली. आपण आयुष्यभर जे बोलत आलो ते तत्त्वज्ञान होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग सुईवाले हरभऱ्याच्या झाडावर चढले. बहिणीने सांगितलेलं सगळं विसरून चेहरा पुन्हा पडद्यावर आला. बोलणं संथ झालं, दोन वाक्यांच्या मध्ये खिडकीबाहेर बघणं सुरू झालं. ‘सुई टोचते, पण तीच जोडते.’ ‘ज्याला गाठ मारता येते, त्याला ती सोडवताही आली पाहिजे.’ चाळीस हजार माणसं त्यांच्या मागे लागली, म्हणजे फॉलोअर झाली. टेबलावर मात्र समोरच्या गल्लीतल्या शिंप्याचं मशीन तीन आठवडे तसंच पडून होतं. शिंपी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सुईवाल्यांनी त्याला धीराचं महत्त्व सांगितलं.

बायकोने काही दिवस फोन धरला. एकदा त्यांच्या दीर्घ विरामात तिला डुलकी लागली, तेव्हा तिने फोन बरणीला टेकवून ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली.

अशात एका दुपारी एका अनोळखी बाईचा निरोप आला. मशीन अडकलंय, चाक फिरत नाही, काय करू? सुईवाल्यांनी आता सवयीने लिहिलं, ‘अडकणं म्हणजे थांबून स्वतःकडे पाहण्याची संधी.’

दोन मिनिटांत उत्तर आलं. बायकोनेच ते मोठ्याने वाचलं. “काका, स्वतःकडे बघून झालं. परवा शाळेचं नाटक आहे, सोळा मुलांचे कपडे शिवायचेत. एक राजा आणि पंधरा झाडं. त्यातली चारच झाडं झालीयेत.”

वाचून झाल्यावर बायकोने फोन खाली ठेवला. “अहो,” ती म्हणाली, “तुमच्याकडे हेच मशीन या बाईने आणलं असतं, तर तुम्ही तिला खिडकीबाहेर बघायला सांगितलं असतंत का?”

 सुईवाल्यांचे कान लाल झाले. तीस वर्षांत त्यांच्या दारातून अडलेली बाई कधी नुसते शब्द घेऊन परतली नव्हती. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्या बाईला व्हिडिओ कॉल लावला. बायकोने आपला फोन उचलला आणि कोणी न सांगता चित्र घ्यायला सुरुवात केली.

पलीकडे आधी हिरव्या कापडाचा ढीग दिसला, मग घामाघूम झालेली बाई. सुईवाल्यांनी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली आणि पुढे काय ते विचारलं. त्यांनी तिला दोरा कापून सुई काढायला लावली, मग सुईखालची सरकपट्टी उघडून खालच्या दोऱ्याचं बॉबिन बाहेर काढायला सांगितलं. ते निघेना. जोर लावू नका, चाक हळूच मागे-पुढे हलवा, असं ते सांगत राहिले. त्यांचे स्वतःचे हातही हवेत तसेच हलत होते. शेवटी बॉबिन सुटलं आणि त्याच्यामागे काळ्या केसांचा एक लांबलचक झुपका बाहेर आला.

“हे काय आहे?” सुईवाल्यांनी विचारलं.

बाईने तो उजेडात धरला. “राजाची दाढी,” ती म्हणाली. “मी सकाळपासून शोधतेय.”

सुईवाल्यांच्या बायकोला इतकं हसू आलं की चित्रात नंतर छतच जास्त आहे. पण मशीन चालू झाल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. बाईची परवानगी घेऊन त्यांनी तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला.

त्याला तत्त्वज्ञानाइतके बदाम मिळाले नाहीत. राजाच्या दाढीचा गूढ अर्थ काय, असं काहींनी विचारलं. सुईवाल्यांनी लिहिलं की दाढी नायलॉनची होती. महिनाभरात चाळीस हजारांतले अठरा हजार निघून गेले. बहिणीने फोन करून काळजी दाखवली. सुईवाले म्हणाले, “जाऊ दे. राहिलेत त्यांच्याकडे मशीन तरी आहे.” शिंप्याचं काम त्यांनी दाढी निघाली त्याच दिवशी करून दिलं होतं, तेही काही तत्त्वज्ञान न सांगता. ते शिंप्याला फार आवडलं.

आता रोज दुपारी ते एका माणसाचा एक प्रश्न घेतात आणि पडद्यावर हात तेवढे दिसतात.

परवा बायकोने त्यांना एक नवीन व्हिडिओ दाखवला. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या त्या बाईने स्वतः खातं उघडलं होतं. अडकलेलं बॉबिन कसं काढायचं, ते तिने पंचवीस सेकंदांत सांगितलं होतं. सुईवाल्यांनी चूक शोधायला तो तीनदा पाहिला. चूक सापडली नाही.

“हिचं बरंय,” बायको म्हणाली, “लवकर आटपतं.”

सुईवाल्यांनी चष्मा पुसला आणि त्या बाईच्या मागे लागणाऱ्यांत आपलं नाव घातलं. ते सातवे होते.