त्र्यंबककाकांचं ‘ऑ, शक्स’

“ऑ, शक्स!” त्र्यंबककाका म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

झालं होतं एवढंच, की अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर उभं करताना कुणीतरी म्हणालं, “काका, तुम्ही नसतात तर आमचं काय झालं असतं!” त्यावर मान खाली, एक हात मानेमागे, आणि हे असलं. अडुसष्ट वर्षांचा, मूळचा मिरजेचा माणूस!

चाळीस वर्षांपूर्वी आयोवात ट्रॅक्टरचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची पहिली नोकरी. तिथला म्हातारा फोरमन म्हणायचा, ते यांनी उचललं. माझी इला इथेच जन्मलेली, ती म्हणते, “मॉम, नोबडी सेज दॅट!” पण काकांना कोण सांगणार? कौतुक केलं की ऑ शक्स, म्हणजे ‘छे हो, मी कुठला’. मोदकांचा ट्रे पडला की ऑ शक्स, म्हणजे ‘अरेरे’. आणि हक्काचं काही हातून गेलं की तेच, जरा लांबवून, म्हणजे ‘असू दे, चालायचंच’. लाजायला, हळहळायला आणि हरायला माणसाला एकच शब्द पुरतो, याची मला चीड यायची. सरळच सांगते, मला त्यांची कीव येत नसे, तिटकारा येई. ज्याला भांडता येत नाही, त्याचं लोक पायपुसणं करणारच, आणि करावंच, असं माझं मत होतं.

आणि केलंच होतं आम्ही. गणपतीच्या पूजेला कुठलं जोडपं बसणार हे कमिटी ठरवते, आणि सहा वर्षं मी कमिटीची सेक्रेटरी. काका त्याच्याही आधीपासून स्टोरेजमधून मखर आणतात, माइक लावतात, शेवटी फरशी पुसतात. पूजेला मात्र कधी कुणी मोठे डॉक्टर, कधी कुणाचे पाहुणे. काकांना दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’, आणि काकांचं दरवर्षी तेच, लांबवलेलं.

यंदा एप्रिलमध्ये मात्र ते स्वतः माझ्या दारात आले. रत्नाकाकूंचा पार्किन्सन वाढला होता.

“ऋता, या वर्षी हिला पूजेला बसवायचंय गं. पुढच्या वर्षी हिला बसवेल की नाही, देव जाणे.”

“काका, यंदा तुम्हीच. लिहून ठेवते,” मी म्हणाले. लिहिलंही होतं.

आणि आता, गुरुजी पार्सिपनीहून निघाले असा मेसेज आल्यावर, आमचे प्रेसिडेंट राजीव यांनी मला किचनपाशी गाठलं.

“ऋता, पूजेला प्रथमेश आणि त्याची बायको बसतील. टाउनशिप कौन्सिलच्या इलेक्शनला उभा आहे यार, त्याला फोटो हवाय. आपला माणूस निवडून आला तर मंडळालाही बरंच ना!”

“अहो, पण मी काकांना सांगून बसलेय.”

“काका काय, शक्स म्हणतील,” राजीव हसले. “तूच सांग. तुझं ऐकतात ते.”

मी पण हसले. भांडायला हवं होतं, आणि मला भांडता येतं. इलाच्या शाळेशी, इन्शुरन्सवाल्यांशी, ज्याच्या-त्याच्याशी भांडते मी. पण राजीवनंतर प्रेसिडेंट मला व्हायचं होतं. तेवढ्यासाठी गप्प बसले.

काका मखरापाशी होते. शाळेत ज्योत पेटवायची नाही हा नियम. पण शाळेची देखभाल बघणाऱ्या कस्टोडियनला गाठून, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवायचं कबूल करून, त्यांनी एका निरांजनाची परवानगी मिळवली होती. “हिला ते बॅटरीचे दिवे आवडत नाहीत,” ते मला म्हणाले.

‘ही’ शेजारीच व्हीलचेअरवर होती. हिरवी नऊवारी, नाकात मोत्यांची नथ. मान सारखी हलत होती, त्याबरोबर नथही हलत होती.

“सकाळी साडेपाचपासून नेसवतोय,” काका म्हणाले. “यूट्यूब बघून. बरी जमलीय ना गं?”

तेव्हा तरी माझी जीभ झडायला हवी होती. पण आजूबाजूला लोक होते, मला ते पटकन उरकायचं होतं, आणि उरकायची सोपी रीत काकांनीच शिकवली होती. मी एक हात मानेमागे नेला.

“ऑ, शक्स, काका!” अगदी त्यांच्या सुरात. “यंदाही नाही हो जमत. प्रथमेश बसतोय. पुढच्या वर्षी नक्की!”

शेजारचे दोघेतिघे हसले. मी काकांच्या शक्सची वाट बघत थांबले. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बरं,” ते म्हणाले. “काडेपेटी ताम्हनामागे आहे. वरच्या एसीचा वारा निरांजनाला लागतो, ते जरा आत सरकवून घ्या.”

मला त्यांनी कधीच ‘अहो-जाहो’ केलं नव्हतं.

पूजा झाली, फोटो झाले, आरती झाली. निरांजन छान तेवलं. मग राजीवनी माइक घेतला. याचे आभार, त्याचे आभार, “आणि अर्थात आपले त्र्यंबककाका!”

तीनशे माणसं एका आवाजात ओरडली, “ऑ, शक्स!” आणि खदाखदा हसली. सवयीनं माझंही तोंड उघडलं होतं. लाज वाटून मी ते मिटलं.

काका मागे, दारापाशी होते. व्हीलचेअरला ब्रेक लावून ते वाकले होते आणि काकूंची नथ काढत होते. काकूंची मान हलायची थांबत नव्हती, म्हणून एका हातानं काकांनी त्यांची हनुवटी धरली होती. खूप वेळ लागला. मग नथ रुमालात गुंडाळून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि ब्रेक सोडला.