पेटीला मूठ

टेबलाखाली ठेवायच्या वस्तूला मूठ कशाला लागते, हे मला कुणीतरी सांगा.

मी सुतार. उभा जन्म लाकडात गेला. कपाटाला मूठ असते ती उघडायला आणि पेटीला मूठ असते ती उचलून न्यायला. तिसरं कारण मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे लेकीने माझी पटाशांची पेटी मागितली आणि वर "बाबा, हिला एक दणकट मूठ बसवून द्याल का?" असं विचारलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोर कुठेतरी निघाली होती. आणि मला ती कुठेही जायला नको होती. एकुलती एक आहे, लपवून काय करू?

बरं, पेटी हवी कशाला, तर कंप्युटरला! ती घरांचे, दुकानांचे नकाशे काढते कंप्युटरवर. त्याचा पत्र्याचा डबा गंजून खिळखिळा झाला होता, आतला पंखा फिरला की सगळा डबा तडतडायचा. नवा डबा बाजारात मिळतो की. पण बाईसाहेबांना लाकडाचा हवा, आणि तोही मी उमेदवारीत असताना केलेल्या पेटीचा. कोपऱ्यांत दातात दात बसवलेली पेटी ती, एक खिळा नाही.

"आणि माझ्या पटाशा कुठे ठेवू? डोक्यावर?"

"पिशवीत ठेवा. द्या ना, बाबा."

दिली. पटाशा मात्र पिशवीत न भरता बाकावरच ठेवल्या, पेटी परत येईल म्हणून. हिला मी कधी नाही म्हटलंय? पण डोळे उघडे ठेवले.

खाली माझ्या दुकानातच तिने काम मांडलं. मी आपला रंधा मारतोय असं दाखवत बघत होतो. आतल्या फळीवर तिने पितळेचे बारके खुंट बसवले आणि त्यांच्यावर ती हिरवी पाटी, मदरबोर्ड म्हणतात तिला, स्क्रूने कसली. लाकडाला चिकटवायची नाही म्हणे, खालून वारा खेळला पाहिजे. मागच्या बाजूला वरती पंख्यासाठी गोल भोक पाडलं. हात स्थिर आहे पोरीचा, ते मान्य करतो. तोंडावर नाही केलं.

"हे तापलं ना बाबा, की स्वतःच बंद पडतं," ती सांगत होती. पुढेही वाऱ्याचं काहीबाही बोलली, गार वारा खालून येतो, गरम वरून जातो असलं काहीतरी. माझं लक्ष कुठे होतं? मुठीकडे. "मूठ कशाला हवी?" मी पाचव्यांदा विचारलं असेल.

"हलवायला बरं पडतं."

"कुठून कुठे?"

"इथून तिथे," म्हणाली आणि हसली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते हे असं.

त्यात बायको सामील. मी जिन्यावरून वर आलो की दोघींचं कुजबुजणं बंद. एकीला एकदम भांडी आठवायची, दुसरीला वायर. लेक फोनवर बोलायला गच्चीत जायची. आमच्या घरात भिंती नाहीत काय? आणि एके दिवशी दारामागे नवी कोरी बॅग दिसली. उघडून बघितली मी. का नाही बघणार? रिकामी होती.

"हे पाणी कुठे मुरतंय ते सांग मला," मी बायकोला धरलं. "पोरगा कोण आहे? पळून जायचा बेत आहे ना तिचा?"

"कंप्युटर काखेत मारून कुणी पळतं का हो?" ती म्हणाली. "तुम्हाला ना, कुणी कूस बदलली तरी कट दिसतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला! मी एकच करू शकत होतो, ते केलं. मूठ बसवायची टाळली. आज स्क्रू मिळेना, उद्या गिरमिट बोथट. पितळेची मूठ माझ्या खणातच पडून होती.

पेटी पुरी झाली तशी लेकीने ती वर तिच्या खोलीत नेली, टेबलाशेजारी जमिनीवर ठेवली. दोन दिवस झाकण उघडं टाकूनच काम केलं तिने. दुसऱ्या संध्याकाळी ती बाहेर गेली होती, तेव्हा मी पेटी नीट तपासली. आणि बघतो तर काय, भिंतीकडच्या बाजूला, अगदी तळाशी, लांबलचक फट! करवत घसरलेली असणार, कड पण वाकडी. माझ्या पेटीला फट! चार लोक बघतील तर काय म्हणतील? भुसा आणि सरस कालवला, फट गच्च बुजवली, वाळल्यावर काचकागद मारला, पॉलिशचा हात फिरवला. मुंगी शिरणार नाही असं काम केलं. मूठ नाही दिली, तर निदान एवढं तरी, असंही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नवा सदरा घालून खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बायको दाराशी स्टूल टाकून बसली, पहाऱ्यावर.

"आत जायचं नाही."

"माझं घर आहे!"

"हळू बोला. मुलाखत चाललीय तिची. कंप्युटरवरच. समोर बसून नकाशा काढून दाखवायचाय. खूप लांबच्या शहरातलं मोठं ऑफिस आहे, निवडली तर तिथेच राहावं लागेल."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही रडला असतात," बायको म्हणाली, "आणि ती थांबली असती."

खरं होतं ते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून लेकीचा आवाज येत होता, ठाम, मोठ्या बाईचा वाटावा असा. आणि दाराच्या फटीतून वास आला. पॉलिश तापल्याचा. तो वास मी झोपेतही ओळखीन.

आज तिने पेटीचं झाकण लावलेलं असणार. आणि मग लख्खकन डोक्यात उजेड पडला, की ती फट म्हणजे घसरलेली करवत नव्हती. गार वारा खालून येतो, असं पोर मला सांगत होती. तिने वाऱ्याला दार ठेवलं होतं आणि मी शहाण्याने ते लिंपून टाकलं होतं. आता ते तापणार आणि बंद पडणार.

खोटं कशाला बोलू? तिथे उभा असताना मला वाटलं, पडू दे बंद. मी काही मुद्दाम केलेलं नाही. कुणी मला बोल लावणार नाही. नकाशा अर्धा राहील, ते लोक दुसरी कुणी बघतील, बॅग माळ्यावर जाईल आणि पोर घरात राहील. मला फक्त उभं राहायचं होतं.

आत ती काहीतरी सांगता सांगता हसली. लहानपणी दुकानात भुशात बसून हसायची, तशीच.

मी बायकोला बाजूला सारलं, दार ढकललं आणि गुडघ्यांवर बसलो. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत, होय, या वयात रांगत, टेबलापाशी गेलो. पेटीचं लाकूड हाताला चटका देत होतं. झाकण उचललं. ते अडकवून ठेवायला काही नव्हतं, म्हणून एका हाताने धरून राहिलो आणि दुसऱ्या हातात मिळेल तो पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागलो. लेकीने डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बघितलं. पण बोलणं तुटू दिलं नाही, की रेघ हलू दिली नाही. पोरगी कुणाची आहे!

हात भरून आला, खांदा ठणकायला लागला. नकाशा पुरा झाला एकदाचा. मुलाखत घेणाऱ्या बाई खूश वाटल्या. मग म्हणाल्या, "इथे एकटीनेच राहावं लागेल. घरच्यांची काही हरकत?"

लेकीने खाली माझ्याकडे बघितलं, सरळ. कॅमेरा बिमेरा विसरून.

मी नाही म्हणून मान हलवली. हरकत नाही. पुठ्ठा थांबवला नाही.

"नाही," ती म्हणाली. "काही हरकत नाही."

निवड झाल्याचा फोन आला, तेव्हा मी खणातून मूठ काढली. पेटी खाली दुकानात आणून आधी ती बुजवलेली फट पटाशीने कोरून मोकळी केली, कड सरळ केली, मग वरती मूठ बसवली.

"उचलून बघ," मी म्हणालो. "हाताला रुततेय का?"

तिने पेटी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "नाही रुतत."

"जड आहे का?"

"आहे थोडी."

"मग स्टेशनापर्यंत मी धरतो," मी म्हणालो आणि बाकावरच्या पटाशा पिशवीत भरायला लागलो.