पाटीखालची जमीन

दक्षिण इटलीतल्या आमच्या पिएत्रास्कूरा गावातल्या सरकारी आरोग्य केंद्राला दिवंगत खासदार आत्तिलिओ लाकावा यांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा कोणीच विरोध केला नाही. करणार तरी कोण? गावातल्या निम्म्या घरांत खासदारसाहेबांनी लावून दिलेली एखादी तरी नोकरी आहे. माझीही त्यातलीच. त्यांच्या एका फोनवर मी पोस्टात चिकटलो, आणि निवृत्त झाल्यावर आता त्याच केंद्राची पेशंटची गाडी चालवतो. डायलिसिसवाल्यांना सकाळी आसपासच्या गावांतून आणायचं आणि दुपारी घरी सोडायचं. या हकिकतीतलं काही मी स्वतः पाहिलं, बाकीचं एर्सिलियाबाईंनी मला नंतर सांगितलं.

एर्सिलियाबाई म्हणजे खासदारसाहेबांच्या पत्नी. माणूस गेल्यावर दहा वर्षं उलटल्याशिवाय सरकारी इमारतीला त्याचं नाव देता येत नाही, असा आमच्याकडे नियम आहे. ती मुदत संपली आणि महापौर एजिदिओ फुलं घेऊन त्यांच्या घरी गेला. ठराव झालाय, वरून मंजुरी आलीय, संगमरवरी पाटी कोरायला दिलीय, शनिवारी सकाळी प्रांताच्या राजधानीतून, पोतेंझाहून, मंत्री येणार आहेत, पडदा बाईंनीच ओढायचा, असं सगळं त्याने सांगितलं. बाईंना मनापासून आनंद झाला. दहा वर्षं घरात एकट्या. लेक लांब उत्तरेला, तोरिनोला, ती वर्षातून दोनदा येणार. साहेब होते तेव्हा ज्या घराची बेल दिवसभर थांबत नसे, तिथे आता फक्त वीजमीटर बघणारा यायचा.

निघताना एजिदिओ दारात घुटमळला. म्हणाला, तुमच्या भावालाही बोलवायला हवं. घरचा माणूस दिसला नाही तर लोक उगाच कुजबुजतील. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

भाऊ म्हणजे कानिओ. बाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठा. आरोग्य केंद्र उभं आहे ती जागा म्हणजे त्याचा द्राक्षमळा होता. हे गावाला ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. केंद्रासाठी आधी स्टेशनाजवळची सपाट जागा निवडली होती. पण ती ज्याच्या मालकीची होती, तो निवडणुकीत साहेबांसाठी तीन गावांची मतं गोळा करायचा. त्याची जमीन वाचवायची होती. मग नकाशावरची रेघ सरकली आणि कानिओच्या उतारावर येऊन थांबली. सरकारी दराने मोबदला मिळाला, सगळं कायद्याला धरून. फक्त त्याला कोणी विचारलं नाही.

नोटीस मिळाल्यावर कानिओ बहिणीच्या घरी गेला होता. निदान विहिरीकडची खालची बाजू सोडा, एवढंच त्याला मेव्हण्याला सांगायचं होतं. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ते रोमला आहेत, गुरुवारी येतील. साहेब तेव्हा आतल्या खोलीत होते. कानिओ स्वयंपाकघरात बसला. बाईंनी कॉफी ठेवली. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. बाईंनी नळ मोठा सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. कानिओ कॉफी पिऊन उठला आणि निघून गेला. त्यानंतर तो त्या घराची पायरी चढला नाही. आईच्या आणि पुढे साहेबांच्या अंत्यविधीला दोघं समोरासमोर आली तेव्हा एकमेकांना मान लववली, तेवढंच.

त्याला खोकला ऐकू गेला नसावा, असं बाई स्वतःला सांगत आल्या होत्या. नळाचा आवाज मोठा होता, कानिओला तसंही थोडं कमी ऐकू यायचं. माणूस असं काहीतरी धरून ठेवतो आणि त्यावर वर्षं काढतो.

तर बाई भावाकडे गेल्या. हातात बदामाच्या बिस्किटांची पुडी. कानिओचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, पायऱ्या चढून. बायको गेल्यापासून तोही एकटाच. त्याने दार उघडलं, बहिणीकडे क्षणभर पाहिलं आणि बाजूला होऊन म्हणाला, "ये. दम लागला असेल. या पायऱ्या आता मलाही झेपत नाहीत."

तो खूप वाळला होता. चेहरा पिवळट, डाव्या हातावर कोपराखाली शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. बाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी हाताकडे पाहिलं तसं त्याने सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार.

"कुठे जातोस?" बाईंनी विचारलं.

"कुठे जाणार? आपल्याच मळ्यात," कानिओ म्हणाला. मग तिची अवस्था पाहून त्याने सूर बदलला. "अगं, इमारत चांगली आहे. नर्स चांगल्या आहेत. नाहीतर मला आठवड्यातून तीनदा पोतेंझाचा घाट चढावा लागला असता, कधीच मेलो असतो. तुझ्या नवऱ्याने मला एकदा विचारलं असतं ना, तर मी दिली असती जमीन. शिव्या घातल्या असत्या, पण दिली असती."

बाईंनी समारंभाचं सांगितलं. शनिवार म्हटल्यावर तो हसला. मी तिथेच असेन म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर, सुया टोचलेल्या. तू खुशाल पडदा ओढ. नवरा होता तुझा, तुझा हक्क आहे. मला त्यात आणू नका म्हणजे झालं.

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांना राहवलं नाही. त्या दिवशी तू आला होतास तेव्हा, असं म्हणून थांबल्या. 

"खोकला ऐकला मी," कानिओ म्हणाला. "रागापेक्षा मला तुझीच लाज वाटली. म्हणजे तुझ्यासाठी. तू ते कप धूत होतीस. म्हटलं, आता आणखी बसलो तर ही बिचारी सगळं कपाट काढून धुवेल. म्हणून उठलो."

बाई मला म्हणाल्या, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. 

शनिवारी सकाळी मी पेशंट सोडून गाडी मागे लावली आणि समारंभाला पुढे येऊन उभा राहिलो. ऊन चांगलंच तापलं होतं. बँड होता, शाळेची मुलं होती, पाद्री होता, पोतेंझाचे मंत्री अर्धा तास उशिरा आले. प्रवेशदाराशेजारी पाटीवर निळा रेशमी पडदा. खुर्च्या मात्र अर्ध्याच भरल्या होत्या. ज्यांच्या नोकऱ्या साहेबांनी लावल्या ते आता म्हातारे झालेत आणि त्यांची मुलं जर्मनीत आहेत. एर्सिलियाबाई काळा पोशाख आणि मोत्यांची माळ घालून मंचावर बसल्या होत्या. मी पाहिलं, त्या सारख्या वर बघत होत्या. डायलिसिसच्या खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या. वरचं वातानुकूलन बिघडलेलं होतं.

एजिदिओ महापौराचा तिरंगी पट्टा लावून बोलायला उभा राहिला. साहेबांनी रस्ता आणला, पाणी आणलं, गावाला माणसात आणलं. इथपर्यंत ठीक होतं. मग तो भाषणाच्या भरात आला.

"आणि आज ज्या जमिनीवर आपण उभे आहोत," तो म्हणाला, "ती जमीनसुद्धा याच कुटुंबाची. लाकावा परिवाराने ती जनतेसाठी मोकळ्या हाताने दिली. घरचं काढून गावाला देणारी अशी माणसं आता होत नाहीत."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपोआपच वाजतात. मग लक्षात आलं काय बोलला तो, आणि माझ्या शेजारचा न्हावी जमिनीकडे बघायला लागला, त्याच्या पलीकडची बेकरीवाली पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. सगळ्यांना माहीत होतं. एजिदिओला तर होतंच, भूसंपादनाच्या वेळी तो नगरपालिकेत कारकून होता.

त्याने माईक एर्सिलियाबाईंच्या हातात दिला. त्या उभ्या राहिल्या. माईक तोंडाजवळ नेला आणि थांबल्या. बँडवाल्यांनी वाद्यं उचलली, पुन्हा खाली ठेवली. बाईंचे ओठ हलले ते मी पाहिलं. त्या वेळी त्यांच्या मनात पूर्ण वाक्य तयार होतं, असं त्यांनी मला सांगितलं: ही जमीन माझ्या भावाची होती आणि ती आम्ही त्याच्याकडून काढून घेतली. एवढंच म्हणायचं होतं. समोर मंत्री मंद हसत होते, मुलांच्या हातात कागदी झेंडे होते, लेक पहिल्या रांगेत फोनवर सगळं टिपत होती.

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे आलात, धन्यवाद."

आणि त्यांनी पडदा ओढला.

नंतर खाली गार पेयं आणि खारे पदार्थ मांडले होते. बाई तिथे थांबल्या नाहीत. त्या जिन्याने वर गेल्या. मी पेशंटची वेळ झाली का बघायला मागोमाग गेलो होतो, म्हणून पुढचं मला दिसलं. खोलीत सहा खुर्च्या, सहा यंत्रं. कानिओ खिडकीशेजारच्या खुर्चीत, एवढ्या उकाड्यातही छातीपर्यंत ब्लँकेट ओढलेलं, कारण डायलिसिस चालू असताना पेशंटना थंडी वाजते. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. 

"खिडकी उघडी होती," कानिओ म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मग त्याने डोळे मिटून घेतले. बाकीचे पाच पेशंट छताकडे बघत होते. बाई परत खाली आल्या.

सोमवारी त्या एजिदिओच्या कार्यालयात गेल्या. जमिनीबद्दलचं वाक्य चुकीचं आहे, ते दुरुस्त करा, असं त्यांनी सांगितलं. एजिदिओ गोड बोलला. एर्सिलियाबाईसाहेब, वर्तमानपत्रात छापून आलंय, आता ते उकरून कोणाचं भलं होणार, आणि साहेबांच्याच नावाला बट्टा लागेल. बाईंनी पाटी काढायला सांगितली. त्यावर तो म्हणाला, ते आता माझ्या हातात नाही, नवा ठराव लागेल, वरची मंजुरी लागेल. मग त्याने शिपायाला कॉफी आणायला पाठवलं. बाई कॉफी न घेताच उठल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी चर्चच्या मागे गाडी उभी केली, तर बाई कानिओच्या पायऱ्यांच्या तळाशी उभ्या होत्या. मी पण येते म्हणाल्या. कानिओ म्हणाला, तुझी काही गरज नाही. त्या गाडीत बसल्या. गुरुवारीही आल्या. हळूहळू तो तसं म्हणायचा थांबला, त्यांच्यासाठी शेजारची जागा मोकळी ठेवायला लागला. पण दोघं फारसं बोलत नसत. केंद्रात फोन वाजला की चौकशीच्या खिडकीतली मुलगी दर वेळी पूर्ण नाव घ्यायची, लाकावा आरोग्य केंद्र, बोला, आणि दर वेळी बाई हातातल्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालायच्या.

सप्टेंबरात एक नवा पेशंट आला, प्रोस्पेरो नावाचा, डोंगरापलीकडच्या गावचा, बडबडा माणूस. त्याला इथलं काही माहीत नव्हतं. दुपारी परत जाताना त्याने गाडीत सहज विचारलं, "हा लाकावा कोण हो? तुमच्या दवाखान्यावर नाव आहे ते."

 मी रस्त्याकडे बघत राहिलो. कानिओच म्हणाला, "माझा मेव्हणा."

"अरे वा. कसा होता माणूस?"

 डायलिसिसनंतर त्याचा आवाज अगदी बारीक व्हायचा. "हुशार होता," तो म्हणाला. "गावासाठी बरंच केलं त्याने."

एका वळणावर मी गाडीचा वेग कमी केला, तेव्हा मागून एर्सिलियाबाई बोलायला लागल्या. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी त्याची बायको, म्हणाल्या. ही जागा माझ्या या भावाचा द्राक्षमळा होती. माझ्या नवऱ्याने आपल्या माणसाची जमीन वाचवायला याची घेतली. हा बोलायला आला तेव्हा माझा नवरा आत बसला होता आणि मी रोमला गेलाय म्हणून सांगितलं. पाटीच्या समारंभाला सगळ्या गावासमोर माईक माझ्या हातात होता, तेव्हाही मी गप्प बसले.

प्रोस्पेरो बिचारा पार ओशाळला. विचारलं ते चुकलं, असं काहीतरी पुटपुटला. बाकीचे पेशंट थकलेले होते, त्यांनी मान वळवून बाहेरच्या ओक झाडांकडे पाहिलं. मी आरशात बघायचं टाळलं. बाईंना बोलल्यावर हलकं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "नाही रे, साविनो. त्या गाडीत सात माणसं होती. समारंभाला निम्मं गाव होतं."

त्या दुपारी मी चर्चच्या मागे गाडी थांबवली, दार उघडलं. बाई आधी उतरल्या आणि त्यांनी कानिओला हात दिला. तो दोन पायऱ्या चढला, थांबला, श्वास घेतला.

"सूप उरलंय कालचं," तो म्हणाला. "एकट्याने संपणार नाही. चल वर."