सतरा नंबरचा ठिपका

"माणूस उद्या काय करणार, हे त्याला कळायच्या आधी आम्हाला कळतं," असं म्हणून राजधानीहून आलेल्या, आरोग्य खात्याच्या लाकलनने गावच्या सभागृहात लावलेल्या पडद्यावरच्या एका ठिपक्याकडे बोट दाखवलं. "हा बघा, निघाला पबकडे."

"ती माशी आहे," मागून म्हातारा क्लॅरी म्हणाला.

माशी उडाली. बाकीचे ठिपके निळे होते. संगणकातल्या या युरांबी गावात खऱ्या गावातल्या प्रत्येक माणसामागे एक ठिपका, एकूण दोनशे चौदा. लाकलनने गावचा दवाखाना बंद केला, पडद्यावरचा, आणि एक वर्ष पुढे पळवलं. ठिपके एकशेदहा किलोमीटरवरच्या शहरात गेले, औषधपाणी करून परतले. एकही विझला नाही.

"म्हणजे जूनअखेर दवाखाना बंद झाला, तरी कुणाचं काही अडत नाही."

"पण जातात कशाने?" ग्विनने विचारलं. तिच्या पायाची जखम आठवड्यातून तीनदा बांधावी लागे.

"तुम्हीच आमच्या पाहणीच्या फॉर्मवर लिहिलंय. शेजारी नेतात."

सभागृहात हशा पिकला. शेजारी म्हणजे एकटी मर्ल. एकेचाळीस जणांनी तिच्याच भरवशावर फॉर्म भरला होता. क्लॅरीने तर खाली तिच्या गाडीचा एसी बिघडल्याची तक्रारही जोडली होती.

चहाच्या भांड्यामागे उभी असलेली मर्ल हसली नाही. वय अठ्ठ्याहत्तर. महिन्यातून एकदा येणारा डोळ्यांचा डॉक्टर मंगळवारी आला होता, आणि त्याच्या सहीने तिचं लायसन्स गेलं होतं. हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आज ती कुंपणं चाचपत चालत आली होती.

लोक बाहेर पडल्यावर ती लाकलनसाठी चहा घेऊन गेली.

"यातली मी कुठली रे, पोरा?"

"नावं नसतात आमच्याकडे. बहुतेक हा सतरा नंबर. फार हिंडतो."

"त्याला घरी बसव बघू."

लाकलनने बसवलं आणि वर्ष पळवलं. एकेचाळीस ठिपके आपापल्या दाराशी येऊन थांबले. मार्चमध्ये एक विझला. मेमध्ये चार. पुढचं त्याने बघितलं नाही, पडदाच बंद केला.

"असं होण्याची शक्यता आम्ही धरलेलीच नाही," तो म्हणाला. "आणि अहवाल सकाळीच मंत्र्यांकडे गेलाय."

"बिस्कीट घे," मर्ल म्हणाली.

खिडकीबाहेर निलगिरीखाली, जिथे तिची गाडी नेहमी उभी असायची, तिथे ग्विन, क्लॅरी आणि क्लॅरीची बहीण पिशव्या घेऊन थांबले होते. गावात येताना शाळेची बस, घरी जाताना मर्ल, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. गाडी नाही, याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मर्ल आहे म्हणजे गाडी असणारच.

मर्लने लाकलनचा रिकामा कप उचलला.

"पोरा, जाताना आम्हाला घरी सोडशील का? चौघं आहोत. मागे तिघं दाटीवाटीने बसतील."