टेबलावरचा ठेका

"पप्पा, थांबलात का? परत वाजवा ना, तेच!" एकता नाचता नाचता थबकली.

प्रबोधची बोटं जेवणाच्या टेबलावर जागीच थिजली. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या फ्लॅटमधल्या त्या एवढ्याशा हॉलमध्ये त्याची लेक कॉलेजच्या कार्यक्रमासाठी कुंबिया बसवत होती. कुंबिया म्हणजे कोलंबियाचा नाच. ती सीडी लावून पाय घासत पुढे सरकत होती आणि ऐकता ऐकता ह्याच्या बोटांनी कधी ठेका धरला, ते ह्याचं ह्यालाच कळलं नव्हतं.

"पाय उचलायचा नाही, माहितीये?" ती म्हणाली. "स्पॅनिश लोकांनी आफ्रिकेतून स्लेव्ह्ज नेले ना, त्यांच्या पायांत बेड्या होत्या म्हणे. म्हणून स्टेप एवढीशीच. ड्रम त्यांचे, फ्लूट तिथल्या ट्रायबल्सची, हा स्कर्ट मालकिणींचा. सो सॅड, बट आय फील प्राउड लाह! आपल्या घरात होतं का कुणी असं वाजवणारं?"

स्वयंपाकघरात बेबीचं लाटणं थांबलं. नवऱ्याचं सगळं तिला ठाऊक होतं.

प्रबोधचे वडील डफडं वाजवायचे. गावात लग्न असो की मयत, पाटलाचा सांगावा आला की उन्हातान्हात जायचं, हात सुजेपर्यंत वाजवायचं आणि उंबऱ्याबाहेर बसून उरलंसुरलं खायचं. हात मात्र असा, की ऐकणाऱ्याचा पाय ठरू नये. धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी डफडं नदीत फेकलं आणि पोराला बजावलं, "पुन्हा ह्याचं नाव काढायचं नाही. तुझ्या पोरांना कळतासुद्धा कामा नये." पोरगा शिकला, जहाजावर इंजिनिअर झाला, जगभर हिंडला. शब्द मोडला नाही.

आज मात्र तिच्या आजोबांचं नाव अगदी ओठांवर आलं. पण दुरून डोंगर साजरे. परक्यांच्या बेड्यांचा अभिमान वाटायला काय लागतं? आपल्याच आजोबांच्या कळल्या, तर हिचा चेहरा कसा होईल? त्याला भीती वाटली.

"कोलंबियात कार्ताहेनाला जहाज लागलं होतं," तो म्हणाला. "तिथं बंदरावर एक म्हातारा वाजवायचा. त्याचं ऐकून शिकलो."

"वॉव! मग मला शिकवा!"

लाटणं पुन्हा सुरू झालं, जरा जोरातच.

कार्यक्रमाच्या दिवशी एकताने माइकवर इंग्रजीतून सांगितलं, की हा ठेका माझ्या वडिलांनी कोलंबियातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणला. मग तिने शिकवलेल्या मैत्रिणीने ढोलावर थाप मारली. तोच वडिलांचा हात, तोच दुसऱ्या थापेनंतरचा क्षणभराचा थांबा. बापाने फक्त डफडं बुडवलं होतं. बापाला ह्याने बुडवलं. आता खरं सांगावं, तरी लेकीच्या लेखी हा खोटाच ठरणार होता.

नाच संपला. एकताने स्टेजवरून बोट दाखवलं आणि सगळं सभागृह मागे वळून टाळ्या वाजवू लागलं.

"उभे राहा आता," बेबी हळूच म्हणाली.

तो उभा राहिला. जो कधी नव्हताच, त्या म्हाताऱ्यासाठी टाळ्या वाजत होत्या. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर त्याची बोटं अजून ठेका धरत होती. त्याने हात खिशात घातला.