मक्याच्या पाण्याची वाट

"या शहरात कुणी राहत नव्हतं," बारेरा साहेब मघाशी म्हणाले होते, आणि ते इसिद्राच्या डोक्यातून जाता जात नव्हतं. राजधानीतून आलेले पुरातत्त्व खात्याचे साहेब, रानातून उकरून काढलेल्या या पडक्या शहराच्या दारावर लावायच्या पाटीचा मजकूर आज पक्का करून परत जाणार होते. पूक नावाच्या या टेकड्यांत ना नदी, ना झरा. तेव्हा राजे सणावारी पूजेला येत असतील नि निघून जात असतील, असा त्यांचा तर्क. म्हणजे ज्यांच्या माया भाषेत इसिद्रा अजून रोज भांडत होती, ते तिचे वाडवडील इथे नुसते पाहुणे!

ती खोदकामावरच्या वीस माणसांचा स्वयंपाक करायची. तिचा दीर नासारिओ तिथला मुकादम.

"भावोजी, इथे पाणी होतं."

"तीन वर्षं उकरतोय, वहिनी. तुम्हाला काय पातेल्यात दिसलं?"

"पातेल्यातच दिसलं."

तिनं चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पिवळट पाणी बादलीत घेतलं आणि तडक चौकात गेली. तिथल्या हजार वर्षांपूर्वीच्या चुनेगच्ची जमिनीवर थेंब सांडायची बंदी होती. पण तिच्या हातून कधी चुकून सांडलंच, तर पाणी दर वेळी कोपऱ्यातल्या त्या रामोन जातीच्या रानझाडाकडेच पळायचं.

"अहो, साहेब बघतायत. चूल बंद होईल तुमची," नासारिओ पुटपुटला.

"बघू देत की."

तिनं उरलेल्या तीन कोपऱ्यांत पाणी ओतलं. चौक डोळ्यांना परातीसारखा सपाट दिसत होता, तरी तिन्ही पिवळे ओघळ सावकाश, न अडखळता निघाले आणि झाडाखालच्या ढिगाऱ्यात जाऊन गडप झाले. नासारिओनं गुडघ्यावर बसून लेव्हल लावली. बुडबुडा जेमतेम केसभर सरकला होता. तो स्वतः गवंडी होता. एवढ्या चौकाला इतका बारीक उतार त्याला जन्मात साधला नसता. त्यानं डोक्यावरची हॅट काढली. राज्यं बुडाली, रान माजलं, आणि कुणा गवंड्याचं काम अजून चालूच होतं.

दुपारपर्यंत ढिगारा उपसला. खाली दगडी कडं निघालं, कड्यात काळोख. नासारिओनं खडा टाकला. आवाज यायला इतका वेळ लागला की सगळे एकमेकांकडे बघू लागले. आतून गार हवा वर आली. विजेरीच्या उजेडात गिलावा केलेल्या भिंती दिसल्या. अख्खं घर मावेल एवढं पोट होतं त्या पावसाच्या पाण्याच्या टाक्याचं.

"टाकं आहे खरं," साहेब म्हणाले. "पण पूजेपुरतंच असेल."

इसिद्रानं कड्याच्या आतल्या काठावरून हात फिरवला आणि तिथेच थांबली. तिच्या माहेरच्या विहिरीवर असंच लागायचं हाताला.

"साहेब, इथे बोट घाला."

दगडात अर्धं बोट बुडेल एवढी गुळगुळीत खाच होती. तिच्या शेजारी आणखी एक. पुढे आणखी. काठभर.

"दोरीनं पडतात या. वर्षातून चार घागरी ओढून दगड एवढा झिजतो?"

साहेब खाली बसले. एकेका खाचेत बोट घालत त्यांनी अख्ख्या कड्याला फेरी मारली. मग खिशातला पाटीच्या मजकुराचा कागद काढला, पहिली ओळ खोडली आणि पेन उघडंच ठेवलं.

"काय लिहू, बाई?"

"लिहा, इथे बायका पाणी भरायच्या."